इब्न सिना आणि त्याचा ‘कानून’

‘केवढी ही मिजास!’ असे आपण तोऱ्यात वागणाऱ्या माणसाबद्दल सहज म्हणतो. मिजास किंवा मिजाज हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला. मूळचा तो अरबी, आणि एके काळी तो वैद्यकातला पारिभाषिक शब्द होता. मिजाज म्हणजे मिश्रण. उष्ण, थंड, कोरडा आणि ओलसर या चार गुणांचे प्रत्येक शरीरात कमीजास्त प्रमाणात मिश्रण झालेले असते. त्यावरून माणसाची प्रकृती आणि स्वभाव ठरतो, असे त्या काळचे वैद्य मानत. मिश्रण बिघडले की रोग, आणि ते पुन्हा जागेवर आणणे म्हणजे उपचार.

या विचाराची सर्वांत पद्धतशीर मांडणी ज्या ग्रंथात झाली, त्याचे नाव ‘अल्-कानून फित्-तिब्ब’, म्हणजे वैद्यकाचा कानून. ग्रंथकार अबू अली इब्न सिना. युरोपात तो अव्हिसेना या नावाने ओळखला गेला. इराण आणि मध्य आशियात तर हा ग्रंथ चालत होताच, पण इटलीतील पादुआसारख्या विद्यापीठात सतराव्या शतकातही त्यावर व्याख्याने होत होती. एवढा काळ टिकलेले क्रमिक पुस्तक शोधून सापडणे कठीण.

आधुनिक वैद्यकाने चार गुणांची ती उपपत्ती केव्हाच बाजूला ठेवली आहे. मग इब्न सिनाकडे आज का वळायचे? त्याचे एक कारण असे, की या एकाच ग्रंथात दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. एक, ज्ञान पारखून घेण्याची रीत. आणि दोन, पूर्वसूरींवर विश्वास ठेवून न पारखता घेतलेली उत्तरे. पुढच्या पिढ्यांनी यांपैकी काय उचलले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे पाहणे शिक्षकांना उपयोगी पडेल. पुस्तक हातात घेऊन वर्गात उभे राहणाऱ्या प्रत्येकासमोर हाच प्रश्न रोज असतो.

बुखाऱ्यातला विद्यार्थी

इब्न सिनाचा जन्म इ. स. ९८० मध्ये बुखारा शहराजवळच्या अफशाना या गावी झाला. बुखारा आज उझबेकिस्तानात आहे. त्या वेळी तेथे सामानी घराण्याचे राज्य होते. वडील सरकारी अधिकारी होते. घरची भाषा फारसी, विद्येची भाषा अरबी. इब्न सिनाने आपल्या तरुणपणाची हकीकत स्वतःच सांगून ठेवली आहे. पुढची कथा त्याचा शिष्य जुझजानी याने लिहिली. त्यामुळे हजार वर्षांपूर्वीच्या या विद्वानाबद्दल आपल्याला पुष्कळ तपशील मिळतो.

दहाव्या वर्षी त्याचे कुराण पाठ झाले होते. त्यानंतर वडिलांनी त्याला गणित शिकायला एका भाजीवाल्याकडे पाठवले. हा भाजीवाला हिंदी पद्धतीचे गणित जाणत होता. हिंदी पद्धतीचे म्हणजे नऊ अंक आणि शून्य यांचे, भारतातून पश्चिमेकडे गेलेले. भारतीय अंकगणित त्या काळी बुखाऱ्याच्या बाजारात रोजच्या वापरात होते, याचा हा बोलका पुरावा आहे.

पुढे नातिली नावाचे एक विद्वान घरी राहून त्याला तर्कशास्त्र, युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे खगोलशास्त्र शिकवू लागले. लवकरच विद्यार्थी गुरूच्या पुढे गेला आणि स्वतःच वाचू लागला. सोळाव्या वर्षी तो रुग्ण तपासत होता. वैद्यक हे काही अवघड शास्त्र नव्हे, असे त्याने त्या दिवसांबद्दल लिहिले आहे. ही त्याची मिजासच म्हणायची! पण एका पुस्तकाने त्याची मिजास उतरवली. अ‍ॅरिस्टॉटलचे ‘मेटाफिजिक्स’ त्याने चाळीस वेळा वाचले, पाठ झाले, तरी अर्थ कळेना. एकदा पुस्तकांच्या बाजारात दलालाने आग्रहाने तीन दिरहमांना एक पुस्तक गळ्यात मारले. ते अल्-फाराबीने त्याच ग्रंथावर लिहिलेले विवेचन निघाले. ते वाचल्यावर कोडे सुटले. पाठ होणे आणि समजणे यांतले अंतर दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

सतराव्या-अठराव्या वर्षी त्याला बुखाऱ्याचा अमीर नूह इब्न मन्सूर याच्या उपचारासाठी बोलावले गेले. त्यातून राजवाड्याच्या ग्रंथालयाचा दरवाजा उघडला. अनेक दालने, दालनांत पेट्या, पेट्यांत पुस्तके, आणि प्रत्येक विषयाला वेगळे दालन अशी तेथे व्यवस्था होती. पुढच्या आयुष्यात त्याने जे प्रचंड लेखन केले, त्याची शिदोरी येथे जमा झाली.

बिरुनीचा प्रश्न आणि फुटलेले भांडे

याच सुमाराचा एक पत्रव्यवहार उपलब्ध आहे. पत्रे पाठवणारा अल्-बिरुनी. भारताविषयी ग्रंथ लिहिणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. तो इब्न सिनापेक्षा सात वर्षांनी मोठा. अ‍ॅरिस्टॉटलच्या मतांविषयी त्याने इब्न सिनाला अठरा प्रश्न पाठवले. त्यांतले एक-दोन आजही सातवी-आठवीच्या वर्गात विचारण्यासारखे आहेत.

बिरुनीने विचारले : उष्णतेने वस्तू प्रसरण पावतात आणि थंडीने आकुंचन पावतात, असे जर आहे, तर पाण्याने भरलेले बंद भांडे आतले पाणी गोठल्यावर का फुटते? आणि बर्फ पाण्यावर का तरंगतो?

इब्न सिनाचे उत्तर अ‍ॅरिस्टॉटलच्या चौकटीतले होते. थंडीने आतला पदार्थ आकसतो. तो आकसला की भांड्यात रिकामी जागा राहायला हवी. पण निसर्गात पोकळी असूच शकत नाही. म्हणून भांडे फुटते. बर्फाबद्दल तो म्हणतो, की गोठताना त्यात हवेचे अंश अडकतात, म्हणून तो बुडत नाही.

तर्क म्हणून हे उत्तर किती नीटनेटके आहे पाहा! एकाही पायरीवर अडखळायला होत नाही. पण बिरुनीने त्यावर जे म्हटले, त्याचा आशय असा : तसे असते तर भांडे आतल्या बाजूला फुटले असते. मी पाहिले आहे ते उलट. आतला ऐवज मावेनासा व्हावा तसे भांडे बाहेरच्या बाजूला फुटते.

येथे वाद एका साध्या निरीक्षणाने निकालात निघतो. पाणी ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होताना आकसते, पण त्याखाली ते पुन्हा पसरू लागते आणि गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात आणि त्या जाळीत मोकळी जागा राहते. हे कारण बिरुनीलाही ठाऊक असणे शक्य नव्हते. पण भांडे कोणत्या बाजूला फुटते हे त्याने पाहिले होते. पत्रव्यवहाराच्या दुसऱ्या फेरीत इब्न सिनाने स्वतः उत्तर दिले नाही. ते काम त्याच्या मासूमी नावाच्या शिष्याने केले.

पळापळीतले लेखन

इ. स. ९९९ मध्ये सामानी राज्य कोसळले. वडीलही वारले. इब्न सिनाने बुखारा सोडले आणि तो ख्वारझममधील गुरगंजला गेला. त्या प्रदेशावर गझनीच्या महमूदाची नजर होती. सोमनाथवरील १०२६ च्या स्वारीमुळे आपल्याला माहीत असलेला हाच तो महमूद. १०१७ मध्ये त्याने ख्वारझम जिंकले आणि बिरुनीला गझनीला जावे लागले. इब्न सिना त्याआधीच तेथून निघाला होता. वाळवंट ओलांडून तो कास्पियन समुद्राजवळच्या जुर्जानला पोहोचला. तेथे त्याला जुझजानी भेटला आणि तेथेच ‘कानून’ला सुरुवात झाली.

यानंतरचे सारे आयुष्य एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेले. हमदानचा अमीर शम्स उद्-दौला याचा पोटशूळ बरा केल्यावर इब्न सिना त्याचा वजीर झाला. एकदा सैन्याने बंड करून त्याच्या घराला वेढा दिला, तेव्हा त्याला चाळीस दिवस लपून राहावे लागले. अमीराला पुन्हा पोटशूळ उठला आणि वजीर परत सन्मानाने बोलावला गेला! दिवसा राज्यकारभार आणि रात्री अध्यापन असा क्रम होता. रात्री विद्यार्थी जमत. कोणी ‘कानून’ वाची, कोणी ‘शिफा’ हा दुसरा ग्रंथ वाची.

शम्स उद्-दौला वारल्यावर तो एका औषधविक्रेत्याच्या घरी दडून राहिला. जवळ संदर्भाला एकही पुस्तक नव्हते. आधी विषयांची टिपणे काढून मग तो रोज पन्नास पाने लिहीत असे, असे जुझजानी सांगतो. पुढे त्याला पकडून किल्ल्यात चार महिने ठेवण्यात आले. तेथेही लेखन चालूच राहिले. शेवटी सूफी साधूच्या वेषात तो भाऊ आणि शिष्यासह इस्फहानला निसटला. अला उद्-दौलाच्या आश्रयाने त्याची पुढची वर्षे तुलनेने बरी गेली. ‘कानून’ आणि ‘शिफा’ अरबीत आहेत. पण अला उद्-दौलासाठी त्याने ‘दानिशनामा’ हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ फारसीत लिहिला. १०३० मध्ये महमूदाचा मुलगा मसूद याच्या सैन्याने इस्फहान लुटले. त्या लुटीत त्याचा ‘इन्साफ’ हा मोठा ग्रंथ नष्ट झाला.

१०३७ मध्ये हमदान येथे पोटशूळानेच तो वारला. वय ५७ वर्षांचे होते. लष्कराबरोबर प्रवास करता यावा म्हणून त्याने स्वतःवर घाईने जहाल उपचार केले. त्यातच एका वैद्याने सांगितलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त मात्रा दिली. ती चुकून की मुद्दाम, हे आपल्याला माहीत नाही असे शिष्याने नोंदवून ठेवले आहे. हमदानमध्ये त्याची समाधी आजही आहे.

‘कानून’मध्ये काय आहे?

कानून हा शब्दही मूळचा ग्रीक. काठी, मोजपट्टी, त्यावरून नियम असा त्याचा अर्थ. जुन्या मराठी कागदपत्रांत येणारा ‘कानू’ हाच.

ग्रंथाचे पाच भाग आहेत. पहिल्या भागात वैद्यकाची सामान्य तत्त्वे, शरीररचना, नाडी आणि मूत्राची परीक्षा. दुसऱ्यात सातशेहून अधिक एकेरी औषधे. तिसऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे रोग. चौथ्यात ताप, विषबाधा, हाड मोडणे यांसारखे एका अवयवापुरते न राहणारे विकार. पाचव्यात मिश्र औषधांचे पाठ. कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोठे सापडेल, हे वाचकाला आधीच कळते. ग्रंथाच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण ही मांडणी होती.

त्यातील पुष्कळसे ज्ञान ग्रीक वैद्य गॅलेन याचे. काही अरबी-फारसी वैद्यांचे, तर काही भारतीय. जळवा लावण्याविषयीचा मजकूर भारतीयांच्या मताचा हवाला देऊन सुरू होतो. काही जळवा विषारी असतात, असे ते मत. आपल्या सुश्रुतसंहितेतही सविष आणि निर्विष जळवांचे वर्णन आहे. मूळ ग्रंथ संस्कृत, त्यातून अरबी भाषांतरे, आणि त्यातून हे ज्ञान बुखारा-हमदानपर्यंत गेलेले.

दुसऱ्या भागाच्या आरंभी मात्र एक प्रकरण असे आहे, की ते वाचताना आपण हजार वर्षांपूर्वीचे पुस्तक वाचत आहोत हे विसरायला होते. एखाद्या औषधाचा गुण अनुभवाने ठरवायचा तर कोणत्या अटी पाळाव्यात, ते इब्न सिनाने सांगितले आहे. त्या सात अटींचा आशय असा :

१. औषधाला बाहेरून आलेला गुण चिकटलेला नसावा. पाणी थंड असते, पण तापवलेले पाणी उष्णता देते. तेव्हा तापवलेल्या पाण्यावरून पाण्याचा गुण ठरवू नये.

२. रोग एकच असावा. दोन रोग एकत्र असतील तर औषध कशावर लागू पडले ते कळणार नाही.

३. विरुद्ध प्रकारच्या रोगांवर औषध वापरून पाहावे. दोन्हींत गुण आला, तर तो औषधाच्या मूळ गुणाने आला की आनुषंगिक कारणाने, याचा विचार करावा लागेल.

४. औषधाचे बळ रोगाच्या बळाशी जुळते असावे. आधी सौम्य औषध, मग क्रमाने तीव्र.

५. परिणाम केव्हा दिसतो, त्या वेळेकडे लक्ष द्यावे.

६. परिणाम नेहमी किंवा बहुतेक वेळा दिसला पाहिजे. एखाददुसऱ्या वेळी दिसला तर तो योगायोग समजावा.

७. प्रयोग माणसावर झाला पाहिजे. सिंहावर किंवा घोड्यावर दिसलेल्या परिणामावरून माणसाविषयी खात्री देता येत नाही.

यांत काय कमी आहे? औषध दिलेले आणि न दिलेले अशा दोन गटांची तुलना नाही. मोजदाद नाही. तुलनेची कल्पना त्या काळी अगदीच अज्ञात नव्हती. इब्न सिनापूर्वीच्या शतकात अल्-राझी या इराणी वैद्याने मेंदूज्वरासारख्या विकारात काही रुग्णांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, अशी त्याची नोंद आहे. शिवाय इब्न सिना ज्या गुणांची परीक्षा करायला सांगतो, ते गुण म्हणजे पुन्हा उष्ण आणि थंडच. असे असले तरी ‘गुण आला’ म्हणजे नेमके काय सिद्ध झाले, हा प्रश्न त्याने विचारला, हे मोठे आहे. आजही ‘माझ्या शेजाऱ्याला गुण आला’ एवढ्या पुराव्यावर औषधे खपतात. दुसरी आणि सहावी अट लावली तरी त्यांतली पुष्कळशी गळून पडतील.

पर्वत, शिंपले आणि तरंगणारा माणूस

‘शिफा’ म्हणजे बरे करणे. पण हा वैद्यकाचा ग्रंथ नाही. तर्कशास्त्र, निसर्गविज्ञान, गणित आणि तत्त्वज्ञान यांचा तो कोश आहे. अज्ञान हा आजार मानून त्यावर दिलेला हा उपाय!

त्यात पर्वत कसे तयार होतात याचे विवेचन आहे. इब्न सिना दोन कारणे सांगतो. एक, भूकंपासारख्या उलथापालथीत जमीन वर उचलली जाते. दुसरे, वाहते पाणी मऊ भाग कोरून नेते आणि टणक भाग उंच उभा राहतो. यासाठी अतिशय दीर्घ काळ लागतो, असेही तो म्हणतो. खडकांत जलचरांचे अवशेष सापडतात, त्यावरून तो भाग कधीतरी पाण्याखाली असावा असा निष्कर्ष काढतो. यात एक लहानसे निरीक्षणही आहे. लहानपणी त्याने अमू दर्या नदीच्या काठी लोक डोके धुवायला वापरतात ती माती पाहिली होती. सुमारे तेवीस वर्षांनी तीच माती मऊ दगड झालेली त्याला दिसली. हा भाग लॅटिनमध्ये गेला तेव्हा तो अ‍ॅरिस्टॉटलचा म्हणूनच वाचला गेला.

याच ग्रंथात एक प्रसिद्ध कल्पनाप्रयोग आहे. समजा, एक प्रौढ माणूस या क्षणी अचानक निर्माण झाला आणि पोकळीत तरंगत आहे. डोळे झाकलेले, हातपाय एकमेकांना न लागणारे, कसलाही स्पर्श किंवा आवाज नाही. त्याला स्वतःच्या शरीराची काहीच खबर नाही. तरीही ‘मी आहे’ हे त्याला कळेल का? इब्न सिनाचे उत्तर, कळेल. म्हणून ‘मी’ म्हणजे शरीर नव्हे. हा निष्कर्ष आपण मान्य करू किंवा न करू. पण जे प्रत्यक्षात करता येत नाही ते मनात करून पाहण्याची ही रीत पुढे तत्त्वज्ञानातच नव्हे, तर पदार्थविज्ञानातही फार उपयोगी ठरली.

एखादी वस्तू काय आहे आणि ती आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हेही त्याने ठासून मांडले. डोडो पक्षी म्हणजे काय हे आपण सांगू शकतो. पण डोडो आज आहे का, हे त्या वर्णनातून निघत नाही. या भेदाचा तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञावर खोल परिणाम झाला.

टोलेडोपासून गोव्यापर्यंत

बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो शहरात क्रेमोनाचा जेरार्ड याने ‘कानून’चे लॅटिन भाषांतर केले. हळूहळू तो युरोपातील विद्यापीठांत लागला. छापखाने सुरू झाल्यावर १४७३ मध्ये लॅटिन ‘कानून’ छापला गेला, आणि १५९३ मध्ये रोममध्ये मूळ अरबी.

या प्रवासाचा एक धागा आपल्याकडे येतो. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. स्पेनच्या विद्यापीठांत तो लॅटिन ‘कानून’वर शिकलेला होता. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा याच्याकडे त्याचे जाणे-येणे होते. तेथील दरबारी हकीम इब्न सिना जाणत होते, पण अरबीतून! एकाच पुस्तकाच्या दोन वाटा, युरोपातून आलेली आणि इराणातून आलेली, अशा अहमदनगरात एकत्र आल्या. लॅटिन भाषांतरात औषधांची नावे किती बिघडली आहेत, हे ऑर्ताला या हकिमांशी बोलताना कळले. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात भारतीय औषधांवरचे संवाद आहेत. त्यात रुआनो नावाचे एक पात्र जुन्या ग्रंथांचे दाखले देत राहते आणि ऑर्ता त्याला येथे प्रत्यक्ष पाहिलेली वनस्पती दाखवतो. इब्न सिनाला तो मान देतो, पण झाड समोर असताना पुस्तकावर थांबत नाही.

सर्वांनी असे केले नाही. अनेक ठिकाणी अध्यापन म्हणजे ‘कानून’ वाचणे आणि त्यावरच्या टीका वाचणे एवढेच उरले. १५२७ मध्ये बाझल येथे पॅरासेल्सस या वैद्याने तो ग्रंथ जाहीरपणे होळीत टाकल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्यामागचा वैताग समजण्यासारखा आहे.

पण पुस्तक न जाळताही ते सुधारता येते, हे तीन शतके आधी कैरोमध्ये दिसले होते. गॅलेनचे म्हणणे असे होते, की हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्याच्या सूक्ष्म छिद्रांतून डाव्या कप्प्यात जाते. इब्न सिनाने ते स्वीकारले होते. १२४२ च्या सुमारास इब्न अल्-नफीस या वैद्याने ‘कानून’मधील शरीररचनेवर टीका लिहिली. त्यात त्याने स्पष्ट म्हटले, की हा पडदा घट्ट आहे, त्यात दिसणारी किंवा न दिसणारी छिद्रे नाहीत. रक्त फुप्फुसांकडे जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या कप्प्यात येते. फुप्फुसातील रक्ताभिसरणाचे हे पहिले ज्ञात वर्णन. पुढे ते बहुतेकांच्या विस्मरणात गेले. १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित सापडले. मधल्या काळात, १६२८ मध्ये, इंग्लंडच्या विल्यम हार्वेने संपूर्ण रक्ताभिसरण सिद्ध केले होते.

इब्न अल्-नफीसचा हा शोध ‘कानून’च्या टीकेतच आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘कानून’ त्याला पाठ होता, आणि तरीही तो प्रश्न विचारत होता.

आजचा संबंध

भारतात इब्न सिनाची परंपरा युनानी वैद्यक म्हणून चालू राहिली. अकबराच्या दरबारातील हकीम अली गिलानी याने ‘कानून’वर मोठी टीका लिहिली. आजही मुंबई, मालेगाव येथे युनानीची महाविद्यालये आहेत.

या परंपरेतील औषधांचे काय करायचे, याचे एक चांगले उदाहरण सर्पगंधेचे आहे. ही वनस्पती आयुर्वेद आणि युनानी या दोन्हींत वापरात होती. हकीम अजमल खान यांनी उभ्या केलेल्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये तिच्या मुळांतून एक अल्कलॉइड वेगळे केले आणि त्याला अजमलीन हे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांच्या विकारांत ते उपयोगी ठरले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने उच्च रक्तदाब किती उतरतो याच्या रुग्णांवर घेतलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. ती जुन्या ग्रंथांत आहे म्हणून नव्हे, तर शुद्ध द्रव्य, ठरावीक मात्रा, एकच विकार आणि पुष्कळ रुग्ण अशा कसोट्यांना ती उतरली म्हणून. इब्न सिनाच्या सात अटींशी हे ताडून पाहावे.

वर्गात करून पाहण्यासारखे

बिरुनी आणि इब्न सिना यांचा वाद वर्गात सहज पुन्हा उभा करता येईल. आधी विद्यार्थ्यांना दोघांची मते सांगावीत, पण निकाल सांगू नये.

प्लास्टिकच्या एका लहान बाटलीत काठोकाठ पाणी भरून, बूच लावून ती फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवावी. (काचेची बाटली मुळीच घेऊ नये.) सकाळी बाटली आत चेपली आहे की बाहेर फुगली आहे?

दुसरा प्रयोग इब्न सिनाच्या हवेच्या अंशांचा. साध्या पाण्याचा बर्फ आणि चांगले उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ वेगवेगळा करावा. उकळल्याने पाण्यात विरघळलेली हवा बरीचशी निघून जाते, त्यामुळे दुसऱ्या बर्फात बुडबुडे कमी दिसतील. तो बर्फ पाण्यात बुडतो का?

तिसरा प्रयोग थंडीच्या दिवसांतला. थिजलेल्या खोबरेल तेलाचा तुकडा पातळ खोबरेलात सोडावा. तो तरंगतो की तळाशी जातो? सगळेच पदार्थ पाण्यासारखे वागतात का?

विद्यार्थ्यांनी निरीक्षणे वहीत लिहावीत आणि मग पाठ्यपुस्तकातील विधान उघडून पाहावे. निरीक्षण आणि पुस्तक जुळले नाही, तर प्रयोग पुन्हा करावा. तरीही जुळले नाही, तर ते वर्गात मोठ्याने सांगण्याची मुभा त्यांना असावी.